परदेशी गुंतवणूक, व्हेंडरचं शॉप आणि कामगाराचा पगार

प्रश्न असा आला आहे: आमच्या तालुक्यातल्या एमआयडीसीत एक परदेशी कंपनी कारखाना टाकणार अशी चर्चा आहे. पुढारी म्हणतात तालुक्याचा कायापालट होईल. गावातले काही जण म्हणतात, कंपनी जमीन आणि पाणी घेईल, नफा बाहेर नेईल, आपल्या पोरांना ठेकेदाराकडे राबावं लागेल. अशा गुंतवणुकीमुळे आसपासच्या लहान कारखान्यांची उत्पादकता आणि लोकांचे पगार खरंच वाढतात का?

मी पुणे परिसरातल्या वाहन उद्योगात व्हेंडर डेव्हलपमेंटचं, म्हणजे सुटे भाग पुरवणारे कारखाने शोधून तयार करण्याचं, काम करत आलो आहे. आधी सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होतो, नंतर ते विकत घेणाऱ्या कंपनीत गेलो. भाव वाढवून मागायचं आणि भाव पाडून घ्यायचं, अशी दोन्ही कामं केली. त्या अनुभवावरून सांगतो: उत्पादकता वाढते, पण कंपनी ज्यांच्याकडून माल घेते मुख्यतः त्यांची. पगारही वाढतात, पण उत्पादकता जितकी लांब पोचते तितका पगार पोचत नाही. या दोन्हींतलं अंतर का राहतं, हे समजलं तर कंपनीकडे काय मागायचं तेही समजेल.

आधी बातम्यांमधल्या आकड्यांबद्दल. २०२४-२५ मध्ये देशात आलेल्या परदेशी समभाग गुंतवणुकीपैकी ३९ टक्के एकट्या महाराष्ट्रात आली, असं केंद्राची आकडेवारी सांगते. वाचून अभिमान वाटतो, पण तेवढ्यावरून तुमच्या तालुक्याचं काही ठरत नाही. पैसा ज्या कंपनीच्या नावावर येतो तिच्या पत्त्याला या हिशोबात फार महत्त्व असतं. २०२०-२१ मध्ये पहिला क्रमांक गुजरातचा होता, ३७ टक्के. त्यातला ९४ टक्के पैसा संगणक क्षेत्रात आलेला होता. त्याच वर्षी फेसबुकने ४३,५७४ कोटी रुपये देऊन जिओ प्लॅटफॉर्म्सचा ९.९९ टक्के हिस्सा घेतला, इतरही अनेक परदेशी गुंतवणूकदार आले. आणि या कंपनीचा नोंदणीकृत पत्ता अहमदाबादचा. अशा व्यवहाराने अहमदाबादजवळच्या एखाद्या वर्कशॉपात एक लेथही वाढला नसेल. म्हणून चालू कंपनीचे शेअर घेणारा पैसा आणि मोकळ्या जागेवर कारखाना उभा करणारा पैसा वेगवेगळे धरा. इथून पुढे मी दुसऱ्या प्रकाराबद्दलच बोलतो आहे. माझं ज्ञानही त्यातलंच आहे.

उत्पादकता नेमकी कुठे आणि कशी वाढते, ते एका प्रेस शॉपवरून सांगतो. भोसरीतलं शॉप, गाडीच्या बॉडीला लागणारे पत्र्याचे ब्रॅकेट बनवणारं. मालक स्वतः टूलमेकर, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवणारा कारागीर, हात सोन्यासारखा. त्याला एका परदेशी वाहन कंपनीच्या साखळीत ऑर्डर मिळाली. अट अशी की महिन्याचा माल एकदम आणून टाकायचा नाही, रोज लागेल तेवढाच द्यायचा. पंचाईत इथेच झाली. एका प्रेसवर डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलायची म्हणजे अर्धी सकाळ जायची. त्यामुळे शॉप एकदा डाय चढवली की महिन्याभराचे तुकडे काढून ठेवायचं. भिंतीला क्रेट लागलेले, खालच्या क्रेटमधल्या तुकड्यांना गंज, आणि डाय घासल्याने माल खराब निघत असेल तर ते कळेपर्यंत हजारो तुकडे तयार.

कंपनीचा इंजिनिअर आला आणि त्याने फक्त डाय बदलण्याचं चित्रीकरण केलं. ते सगळ्यांनी मिळून पाहिलं. प्रत्यक्ष डाय काढणं-चढवणं थोड्या वेळाचं काम होतं. बाकीचा वेळ पाना शोधण्यात, वेगवेगळ्या उंचीच्या क्लॅम्पखाली पॅकिंगचे तुकडे जुळवण्यात, क्रेन मोकळी होण्याची वाट पाहण्यात जात होता. शेवटी पहिला तुकडा तपासायला शॉपच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि ‘ओके’ येईपर्यंत प्रेस बंद ठेवून उभं राहायचं. मग सगळ्या डायना खालून प्लेट लावून उंची एकसारखी केली. क्लॅम्प आणि बोल्ट एकाच मापाचे केले. पुढची डाय आधीच ट्रॉलीवर आणून प्रेसशेजारी उभी ठेवायची पद्धत लावली. तपासणीचा गेज प्रेसजवळच टांगला. काही महिन्यांत डाय बदलणं चहाच्या सुट्टीइतक्या वेळात होऊ लागलं. प्रेस तोच, माणसं तीच, तुकडे जास्त आणि गंजलेला साठा बंद.

या सगळ्यात परदेशी भांडवलाचा एक रुपयाही त्या शॉपमध्ये आला नाही. आली ती एक कडक अट, आणि ती अट पाळायची कशी हे दाखवणारा माणूस. खराब मालाचंही तसंच. पूर्वी शंभरात एखाद-दुसरा तुकडा परत आला तर कुणी बोलत नसे. या कंपन्या रिजेक्शन मोजतात ते दहा लाखांत किती, पीपीएममध्ये. तो आकडा महिन्याच्या बैठकीत भिंतीवर लागला की शॉपमधली बोलण्याची भाषाच बदलते. आणि एकदा ही शिस्त अंगात भिनली की तोच मालक दुसऱ्या, अगदी देशी गिऱ्हाइकाचं कामही तशाच पद्धतीने करायला लागतो.

अर्थशास्त्रज्ञांच्या हाती जे लागलं तेही याच्याशी जुळतं. व्हेनेझुएलातल्या चार हजारांहून जास्त कारखान्यांच्या १९७६ ते १९८९ च्या नोंदी घेऊन ब्रायन एटकेन आणि अ‍ॅन हॅरिसन यांनी १९९९ मध्ये दाखवलं की परदेशी हिस्सा असलेल्या लहान कारखान्यांची उत्पादकता वाढते, पण त्याच धंद्यातल्या निव्वळ देशी कारखान्यांची घटते. म्हणजे शेजारी मोठी कंपनी आली म्हणून आपोआप शहाणपण झिरपत नाही. उलट तिने गिऱ्हाईक ओढलं की देशी कारखान्याचा पसारा तेवढाच राहतो आणि माल कमी निघतो. पुढे २००४ मध्ये बेआटा यावोर्चिक यांनी लिथुआनियाच्या आकडेवारीवरून लाभ कुठे आहे ते दाखवलं: परदेशी कंपनीला माल पुरवणाऱ्या क्षेत्रांमध्ये. तोही मुख्यतः जिथे परदेशी कंपनीने स्थानिक भागीदार घेतला होता तिथे. अलीकडे कोस्टा रिकाच्या कर-नोंदींवरून कळलं की एखादी देशी कंपनी बहुराष्ट्रीय कंपनीची पहिल्यांदा पुरवठादार झाली, तर चार वर्षांनी तिची माणसं सुमारे २६ टक्क्यांनी वाढलेली असतात आणि एकूण उत्पादकता ४ ते ९ टक्क्यांनी. हा शेवटचा आकडा लहान वाटेल. मला तो खरा वाटतो, कारण चार वर्षांत टिकाऊ म्हणावी अशी सुधारणा एवढीच होते. ‘दुप्पट उत्पादन’ वगैरे भाषणात ऐकायला मिळतं, शॉपमध्ये नाही.

पण पुरवठादार व्हायला आधी अंगात काही असावं लागतं. चाकणला २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, मर्सिडीज-बेंझही त्याच सुमारास तिथल्या नव्या कारखान्यात गेली. त्यांना आसपास टूलमेकर, फिटर, फोर्जिंगवाले तयार मिळाले, ते काही त्या वर्षी जन्मले नव्हते. त्याआधीची चाळीसएक वर्षं टेल्को (टाटा मोटर्सचं जुनं नाव), बजाज, भारत फोर्ज, किर्लोस्कर कमिन्स, सँडविक अशा कारखान्यांनी पिंपरी-चिंचवड, मुंढवा, कोथरूड, दापोडीत माणसं घडवली होती. टेल्कोत अप्रेंटिसशिप केलेला माणूस नोकरी सोडून भोसरीत दोन मशिन टाकतो, हा या पट्ट्यातला नेहमीचा प्रवास. ज्या तालुक्यात एकही धड टूलरूम नाही, आयटीआयमधल्या मशिनवर धूळ आहे, तिथे हीच कंपनी आली तर ती आपले पुरवठादार बाहेरून सोबत आणेल. तालुक्याच्या वाट्याला सिक्युरिटी, कँटीन, बस आणि बागकाम येईल. तेही काम आहेच, पण त्यातून शिकायला मिळणारं थोडं असतं.

कंपनी इथे किती भाग बनवून घेते यावरही फार अवलंबून आहे. खोक्यातून सुटे भाग मागवून नुसती जुळणी करणाऱ्या कारखान्यातून शेजाऱ्याने शिकायचं काय? मारुतीचं उदाहरण म्हणूनच महत्त्वाचं. १९८३ मध्ये पहिली गाडी निघाली तेव्हा बरेचसे भाग जपानहून येत. सरकारचा रेटा होता, आणि येनची किंमत वाढल्यावर आयात परवडेनाशी झाली. मग कंपनीने पुरवठादार उभे केले. जय भारत मारुतीसारख्या काहींमध्ये तर स्वतःचा हिस्साही घेतला. पुढे १९९७ च्या धोरणात वाहन कंपन्यांना अट घातली गेली: तिसऱ्या वर्षापर्यंत ५० टक्के आणि पाचव्या वर्षापर्यंत ७० टक्के भाग देशी हवेत. अमेरिका आणि युरोपीय संघ जागतिक व्यापार संघटनेत गेले, निकाल भारताच्या विरोधात लागला आणि ती अट २००२ पर्यंत गेली. पण तोपर्यंत सुट्या भागांचा धंदा उभा राहिला होता आणि इथून माल घेणं स्वस्त पडत होतं. माझ्या मते त्या अटीने फायदाच झाला. ती कायम ठेवली असती तर मात्र आळस आला असता.

आता पगार. परदेशी कंपनी जास्त पगार देते हे खरं. प्रश्न एवढाच की ती मुळातच चांगली माणसं उचलते म्हणून पगार जास्त दिसतो, की त्याच माणसाला जास्त देते? एकाच कामगाराचा माग काढला तर हे कळतं. कोस्टा रिकात देशी कंपनीतून बहुराष्ट्रीय कंपनीत गेलेल्या माणसाचा पगार त्या बदलामुळे सुमारे ९ टक्क्यांनी वाढतो असं दिसलं. अमेरिकेत परदेशी कंपन्यांबद्दल असाच आकडा ७ टक्क्यांच्या आसपास निघाला. म्हणजे वाढ खरी, पण कंपनीच्या पर्मनंट कामगाराच्या आणि बाहेरच्या कामगाराच्या पगारात जी दरी आपल्याला दिसते तिचा मोठा भाग माणसांच्या निवडीतून आणि नोकरीच्या प्रकारातून येतो. बाकीच्या कंपन्यांचे पगार वाढतात का, याचं उत्तर जुन्या अभ्यासांत निराशाजनक आहे. मेक्सिको आणि व्हेनेझुएलात १९९६ च्या अभ्यासात परदेशी कारखान्यांत पगार जास्त दिसले, पण देशी कारखान्यांपर्यंत ती वाढ पोचल्याचं दिसलं नाही.

आपल्याकडे ती का अडते, याची दोन कारणं मी जवळून पाहिली आहेत.

पहिलं कारण भावाच्या करारात आहे. वाहन उद्योगात पुरवठादाराने दरवर्षी दोन-तीन टक्के भाव कमी करून द्यायचा, अशी पद्धत आहे. समजा एका ब्रॅकेटचा भाव १०० रुपये. त्यातले ६० रुपये पत्र्याचे. पत्र्याचा भाव वरखाली झाला की तो वेगळा ठरतो, त्यात पुरवठादाराचं काही नाही. उरलेल्या ४० रुपयांत मजुरी, वीज, मशिन, व्याज आणि नफा. दरवर्षी ३ टक्के कपात धरली तर तीन वर्षांनी भाव ९१ रुपये २७ पैसे होतो. पत्रा ६० लाच राहिला तर ४० चे ३१ रुपये २७ पैसे झाले. म्हणजे नुसतं आहे तिथे राहायचं तरी त्या शॉपला सव्वापटीहून जास्त कार्यक्षम व्हावं लागतं. डाय बदलण्याचा वेळ वाचवून मिळवलेलं सगळं या कपातीत जातं. मालकाकडे वाटायला काही उरत नाही, आणि थोडं उरलंच तर ते बँकेच्या हप्त्याला. खरेदीच्या टेबलावर बसून मी असे भाव पाडले आहेत, म्हणून ठामपणे सांगतो: पुरवठादाराची उत्पादकता वाढते तेव्हा तिचा पहिला हक्कदार गिऱ्हाईक असतो, कामगार सगळ्यात शेवटी.

दुसरं कारण हजेरीपट. कंपनीच्या एकाच लाइनवर तीन-चार प्रकारची माणसं उभी असतात: पर्मनंट, ठेकेदाराकडची, अप्रेंटिस, ट्रेनी. युनियनचा करार होतो तो पर्मनंटचा. दर तीन वर्षांनी होणाऱ्या त्या करारातली वाढ पेपरात छापून येते आणि लोकांना वाटतं कंपनी एवढा पगार देते. देशातल्या संघटित कारखान्यांत दोन हजार सालाच्या आसपास दर पाच कामगारांमागे एक कंत्राटी होता. वार्षिक उद्योग पाहणीनुसार २०२२-२३ मध्ये हे प्रमाण ४० टक्क्यांच्या वर गेलं. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखालच्या नियमांमध्ये, तेच किंवा तशाच प्रकारचं काम असेल तर पगारही तोच, अशी अट घातलेली होती. प्रत्यक्षात कामाचं नाव बदललं की अट चुकवता येत असे. ‘ऑपरेटर’ ऐवजी ‘हेल्पर’ लिहिलं की झालं. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-ओडिशातून आलेली मुलं चाकणला खोलीत पाच-सहा जण राहतात. पगार गावापेक्षा जास्त असतो, पण खोलीभाडं, खानावळ आणि येण्या-जाण्यात त्यातला किती जातो ते त्यांनाच विचारा. खोल्या बांधणाऱ्या गावकऱ्यांना मात्र कारखान्याचा लाभ बऱ्यापैकी होतो. कंपनीमुळे ज्यांचं उत्पन्न खात्रीने वाढलं त्यांत हे घरमालक येतात.

म्हणून सगळंच वाईट असं अजिबात म्हणायचं नाही. सीएनसी सेटर (संगणकावर चालणारं मशिन लावून देणारा), टूलमेकर, रोबो प्रोग्रॅम करणारा, मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन यांचे पगार अशा पट्ट्यात झपाट्याने वाढतात, कारण अशी माणसं मोजकी असतात आणि मोठी कंपनी ती उचलते. लहान शॉपच्या मालकाला याचा त्रास होतो. पोरगा शिकवून तयार केला की तो जातो. पण जातो तो जास्त पगारावर, आणि त्याला थांबवायला मालकालाही पगार वाढवावाच लागतो. काही जण पुढे परत येतात, कुणी स्वतःचं शॉप टाकतो आणि शिकलेलं सोबत आणतो. साखळीत न बसणाऱ्या लहान कारखान्यांपर्यंत शिकलेलं पोचण्याचा हाच मुख्य रस्ता आहे. मालकांनी याबद्दल कुरकुर करण्यापेक्षा दोन जास्त पोरं शिकवावीत, असं माझं मत आहे.

आणि कंपनी गेली तर? तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. २०१७ च्या अखेरीस कंपनीने भारतात गाड्या विकणं थांबवलं, डिसेंबर २०२० मध्ये उत्पादनही बंद झालं. कामगारांचा लढा कोर्टापर्यंत गेला. कारखाना चीनच्या ग्रेट वॉल कंपनीला विकायचं ठरलं होतं, पण सीमेलगतच्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला २०२० पासून सरकारी मंजुरी सक्तीची झाली आणि तो व्यवहार २०२२ मध्ये बारगळला. शेवटी ह्युंदाईने तो घेतला. इमारत आणि जमीन यांना नवा धनी मिळाला. चाळिशीतल्या कामगाराला तसाच पगार पुन्हा मिळणं फार अवघड असतं. पुरवठादारांमध्ये ज्यांचं एकच गिऱ्हाईक होतं त्यांचे हाल झाले, ज्यांच्याकडे चार गिऱ्हाइकं होती ते तरले. मी प्रत्येक मालकाला सांगतो, कितीही मोठी कंपनी असो, निम्म्याहून जास्त धंदा तिच्यावर ठेवू नका.

तुमच्या तालुक्यासाठी मग काय? राज्याच्या प्रोत्साहन योजनेचे लाभ घेणाऱ्या कारखान्यांना ८० टक्के स्थानिकांची अट असते, त्यावरच सगळं राजकारण चालतं. तिथे स्थानिक म्हणजे महाराष्ट्राचा रहिवासी, तुमच्या तालुक्याचा नव्हे. शिवाय ठेकेदाराकडे लावलेला माणूसही त्यात मोजणार का, हे विचारून घ्या. ग्रामसभेत आणि आमदारांकडे विचारायचं ते असं: पहिल्या तीन वर्षांत कंपनी कोणते भाग, कोणती कामं बाहेरून करून घेणार, त्याची यादी मिळेल का? पॅलेट, फिक्स्चर, पत्र्याचं साधं काम, मशिनची दुरुस्ती, गेज तपासणी. यातलं काय शंभर किलोमीटरच्या आत घेणार? व्हेंडर डेव्हलपमेंटचा माणूस इथे बसणार की पुण्या-चेन्नईहून फोन करणार? तालुक्याच्या आयटीआयमध्ये कोणती मशिन लागणार आणि ती कारखान्यापूर्वी लागणार की नंतर? पर्मनंट किती आणि ठेक्यावर किती, हे प्रमाण लेखी देणार का?

तुमच्याकडे आज वर्कशॉप चालवणारे असतील त्यांनी कंपनीची वाट पाहू नये. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्यावी. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत, दिलं नाही तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षीच्या आयकरात धरता येतो, ही तरतूद १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. बऱ्याच लहान मालकांना ती ठाऊक नाही, ठाऊक असली तरी मागायची हिंमत होत नाही. भावाचा करार करताना वार्षिक कपातीचं कलम नुसतं मान्य करू नका. कपात ठरलेल्या संख्येची ऑर्डर मिळाली तरच लागू होईल, आणि किमान वेतन वाढलं तर तेवढा भाव वाढवून मिळेल, ही दोन वाक्यं त्यात घालून मागा. पहिल्या करारात बहुतेक नकार मिळेल. दुसऱ्या करारापर्यंत तुमचा माल त्यांच्या लाइनला लागलेला असतो, पीपीएम चांगला असतो आणि दुसरा पुरवठादार तयार करायला त्यांना किमान सहा-आठ महिने लागणार असतात. तेव्हा पुन्हा मागा. किमान वेतनाचं वाक्य करारात आलं की कामगाराच्या पगारासाठी मालकाला स्वतःच्या खिशात हात घालावा लागत नाही, आणि माझ्या पाहण्यात ठेक्यावरच्या पोरांचे पगार ज्या शॉपमध्ये वेळेवर वाढले, त्यांतल्या बहुतेकांच्या करारात ते वाक्य होतं.